मुल्ला अब्दुल गफूर आणि समुद्रावरचा इन्साफ

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर सुरतेइतके गजबजलेले दुसरे बंदर नव्हते. मुघल सल्तनतीचे हजयात्रेकरू येथूनच जहाजावर चढत. म्हणून लोक या शहराला मक्केचा दरवाजा म्हणत. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 आणि 1670 मध्ये या शहरावर स्वाऱ्या केल्या, त्यामुळे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही सुरत ठाऊक असते. परंतु ज्यांच्या गलबतांमुळे सुरत श्रीमंत होती, त्या व्यापाऱ्यांची नावे सहसा कोणाला सांगता येत नाहीत. त्यांतले सर्वांत मोठे नाव मुल्ला अब्दुल गफूर यांचे. ते गुजरातच्या बोहरा समाजातले होते. त्या काळच्या इंग्रज, डच आणि फारसी लिखाणांत त्यांचा उल्लेख वारंवार येतो, कारण त्यांना वगळून सुरतेच्या समुद्राविषयी काही लिहिणेच शक्य नव्हते.

त्यांचा आवाका केवढा होता, हे अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश नाविकाने नोंदवले आहे. हॅमिल्टन त्यांना प्रत्यक्ष ओळखत असे. त्याच्या सांगण्याप्रमाणे मुल्ला अब्दुल गफूर एका वर्षात वीसहून अधिक जहाजे पाण्यात सोडत, प्रत्येक जहाज 300 ते 800 टनांचे असे, आणि प्रत्येकावर त्यांचा स्वतःचा किमान 10,000 पौंडांचा माल भरलेला असे. एका माणसाचा व्यापार संपूर्ण इंग्रजी ईस्ट इंडिया कंपनीच्या तोडीचा आहे, असे या नाविकाचे मत होते. व्यापाराची रीत साधी होती. वर्षाच्या आरंभी अनुकूल वाऱ्यावर जहाजे लाल समुद्राकडे निघत. त्यांत मुख्यतः सुती कापड असे. यमनच्या मोखा बंदरात आणि जिद्द्यात ते विकले जाई, आणि पावसाळा ओसरता ओसरता तीच जहाजे चांदी, सोने आणि हाजी घेऊन परतत.

या परतीच्या वाटेवरच लुटारू दबा धरून बसत. लूट झालीच, तर तिचा न्याय कोण करणार, हा प्रश्न मुल्ला अब्दुल गफूर यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे व्यापून राहिला.

केळझरसारख्या गावात बसून हा प्रश्न चटकन ध्यानात येत नाही. आमच्याकडील बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. वर्धा जिल्ह्यातले हाजी आज नागपूरहून विमानाने जातात आणि काही तासांत जिद्द्याला उतरतात. जमिनीवर झालेल्या चोरीला एक गाव असते, एक ठाणे असते, एक काजी किंवा न्यायाधीश असतो. भर समुद्रात यांपैकी काहीच नसते. लुटारू एका देशाचा, जहाज दुसऱ्या देशाचे, माल तिसऱ्याचा, आणि जेथे गुन्हा घडला ते पाणी कोणाचेच नाही.

आपल्या फकीहांनी या विषयाकडे दुर्लक्ष केले होते असे मुळीच नाही. दहाव्या शतकातच मालिकी परंपरेत जहाजांची भाडी आणि नाखुदा व व्यापारी यांच्यातील तंटे यांवर अकरियत-उस-सुफुन हा स्वतंत्र ग्रंथ तयार झाला होता. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर तोटा फक्त ज्याचा माल गेला त्याने सोसायचा की ज्यांचा माल वाचला त्यांनीही वाटून घ्यायचा, अशा प्रश्नांचा तेथे बारकाईने विचार आहे. पूर्वेकडे मलाक्काच्या सुलतानांच्या सागरी कायद्यात नाखुद्याला समुद्रावर राजासारखा अधिकार दिलेला होता. सुरतेतही शहरात काजी होता आणि बंदरावर मुतसद्दी होता. करारनामा, भागीदारी, वारसा यांचे तंटे काजीपुढे जात. पण काजीचा हुकूम जेथवर बादशहाचा शिपाई पोहोचे तेथवरच चाले, आणि बादशहाचे आरमार दुबळे होते. समुद्रावर पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांचे परवाने चालत. हिंदी जहाजाने परवाना घ्यायचा, त्याचे पैसे द्यायचे, आणि तरीही वाटेत नागवले गेले तर दाद मागायला परवाना देणाऱ्याच्याच दारी जायचे, अशी ती व्यवस्था होती.

त्याच काळात मुंबईत एक सागरी न्यायालय उभे राहिले. इंग्लंडच्या राजाने 9 ऑगस्ट 1683 च्या सनदेने कंपनीला ते स्थापण्याचा अधिकार दिला. रोमन परंपरेतील कायदा जाणणारा एक विद्वान आणि दोन व्यापारी, अशी त्याची रचना होती. कंपनीचा हेतू मात्र संकुचित होता. कंपनीची मक्तेदारी मोडून स्वतंत्रपणे व्यापार करणाऱ्या इंग्रजांची जहाजे जप्त करता यावीत आणि त्या जप्तीवर कायद्याचा शिक्का बसावा, यासाठी तिला ते न्यायालय हवे होते. न्यायाधीश म्हणून 1684 मध्ये डॉ. जॉन सेंट जॉन आले. ते खरोखरच कायदा शिकलेले होते, आणि तेथेच अडचण सुरू झाली. गव्हर्नर सर जॉन चाइल्ड यांना आपल्या कलाने चालणारा माणूस हवा होता. डॉ. सेंट जॉन मुंबईच्या साध्या दिवाणी-फौजदारी न्यायालयाचेही काम पाहत. गव्हर्नरने ते काम त्यांच्याकडून काढून घेतले आणि व्हॉक्स नावाच्या कंपनीच्या नोकराला दिले, ज्याने कायद्याचे शिक्षण घेतलेले नव्हते. थोड्याच वर्षांत डॉ. सेंट जॉन यांचे सागरी न्यायालयातील पदही गेले.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे दोन वाक्यांत समजते. कापूस विकायला नेला आणि काटा घेणाऱ्याचाच असला, तर काटा खोटाच आहे असे नाही, पण वजनावर मन बसत नाही. काट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाने खरे वजन सांगितले म्हणून त्याची नोकरी गेली, असे एकदा दिसले की दुसऱ्या वर्षी कोणीही त्या काट्यावर विश्वास ठेवत नाही.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. न्यायाधीशाचा अडसर दूर झालेल्या सर जॉन चाइल्ड यांनी मुघलांशी भांडण काढले, सुरतेच्या व्यापाऱ्यांची जहाजे पकडली, जंजिऱ्याच्या सीदीकडे जाणारे धान्यही अडवले. फेब्रुवारी 1689 मध्ये सीदी याकूत खान शिवडीला उतरला. माझगाव, माहीम त्याच्या हाती गेले आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. जून 1690 पर्यंत सीदी मुंबईतून हलला नाही. औरंगजेबाने तहात दीड लाख रुपये दंड घेतला, पकडलेला माल परत करण्याची अट घातली आणि चाइल्ड यांना हिंदुस्थानातून काढण्याचा हुकूम दिला. ते मात्र त्याआधीच, फेब्रुवारी 1690 मध्ये, मरण पावले होते. मुंबईतली न्यायव्यवस्था या धामधुमीत कोलमडली आणि 1718 पर्यंत नीट उभी राहिली नाही. सुरतेच्या व्यापाऱ्यांना यातून एक गोष्ट कळून चुकली. इंग्रजांच्या न्यायालयात जाऊन आपले जहाज सोडवून आणता येईल, ही आशा व्यर्थ होती.

त्यानंतर लगेच, 1691 मध्ये, मुल्ला अब्दुल गफूर यांचे लाखो रुपयांचा ऐवज असलेले एक जहाज लुटारूंनी पकडले. सुरतेच्या अधिकाऱ्यांनी युरोपीय कंपन्यांवर संशय घेऊन त्यांचा व्यापार थांबवला. कंपन्यांचे म्हणणे असे की लुटारू आमचे नोकर नाहीत. मुल्लांचे म्हणणे असे की ते तुमच्याच देशांतून येतात, तुमच्याच भाषा बोलतात, आणि समुद्राचे रक्षक म्हणून परवान्याचे पैसे तुम्हीच घेता. दोन्ही बाजूंचे ऐकून निवाडा देईल असा तिसरा कोणी नव्हता. म्हणून मुल्लांनी दरबाराची वाट धरली.

मग 1695 चा सप्टेंबर आला. हेन्री एव्हरी या इंग्रज लुटारूने प्रथम मुल्ला अब्दुल गफूर यांचे फतेह मुहम्मद हे जहाज लुटले, आणि पाठोपाठ खुद्द बादशहाचे गंज-ए-सवाई हे प्रचंड जहाज गाठले. त्यावर हज करून परतणारे स्त्री-पुरुष होते. लुटारू कित्येक दिवस जहाजावर होते. इतिहासकार खाफी खान याने लिहून ठेवले आहे की अनेक कुलीन स्त्रियांनी आपली अब्रू राखण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःला खंजीर मारून घेतला. जहाजाचा कप्तान इब्राहीम खान तळघरात जाऊन लपला. अल्लाह त्या सर्व मृत हाजींवर आणि त्या भगिनींवर रहमत करो. खाफी खान लुटीची किंमत 52 लाख रुपये सांगतो. दरबाराने मागितलेली भरपाई आणि कंपनीने मान्य केलेला आकडा यांत जवळजवळ दुपटीचे अंतर होते, आणि खरा आकडा ठरवणारा तटस्थ माणूस येथेही नव्हता.

सुरतेत संतापाची लाट उसळली. मुतसद्दी इतिमाद खान याने इंग्रजांना बेड्या घालून कोंडले. एका अर्थाने जमावापासून वाचवण्यासाठीच, असे इंग्रजांनाही नंतर वाटले. कित्येक महिने ते कैदेत होते.

एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही. त्याचे काही साथीदार मात्र पकडले गेले. ऑक्टोबर 1696 मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत सागरी न्यायालयाचे सत्र भरले. सागरी न्यायालयाचे न्यायाधीश सर चार्ल्स हेजेस आणि त्यांच्यासोबत देशाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन होल्ट आसनावर होते. सरकारला शिक्षा हवी होती. शिक्षा झाली नाही तर हिंदुस्थानातला व्यापार बुडेल, हे प्रत्येकाला माहीत होते. 19 ऑक्टोबरला गंज-ए-सवाईच्या लुटीचा खटला चालला, आणि बारा पंचांनी आरोपींना निर्दोष सोडले. न्यायाधीश संतापले, त्यांनी पंचांची कानउघाडणी केली. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नव्हता, म्हणून बारा दिवसांनी, नवे पंच बसवून, दुसरा आरोप ठेवण्यात आला. एव्हरीच्या टोळीने जे जहाज वापरले ते मुळात एका इंग्रजाचे होते आणि बंड करून पळवलेले होते, हा तो आरोप. या वेळी आरोपी दोषी ठरले. 25 नोव्हेंबरला पाच जणांना फाशी झाली.

हा खटला वाचताना मन अस्वस्थ होते, ते एका कारणाने नाही. एकीकडे पाहावे तर त्या पंचांवर राजाचा, मंत्र्यांचा, न्यायाधीशांचा दबाव होता आणि तरीही ते झुकले नाहीत. स्वतंत्र न्यायालय म्हणतात ते हेच. दुसरीकडे, शेकडो हाजींची लूट आणि आमच्या भगिनींवरचे अत्याचार यांबद्दल एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती इंग्रजाचे जहाज इंग्रजाने चोरल्याबद्दल. पंचांनी कारण दिले नाही, पंच कारण देत नसतात. सूरह माइदामध्ये एखाद्या लोकसमूहाविषयीच्या वैराने आपल्याला न्यायापासून ढळू देऊ नये अशी ताकीद आहे. काजीला दरबाराची भीती नसावी, ही अर्धी अट झाली. समोरचा फिर्यादी परका असला तरी तो आपलाच मानावा, ही उरलेली अर्धी. लंडनच्या त्या बारा माणसांपाशी पहिली होती. दुसरी होती असे म्हणवत नाही.

मुघल दरबारात तरी पहिली अट पाळली जात होती काय, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. औरंगजेबाचे मुख्य काजी शैखुल इस्लाम यांनी विजापूर आणि गोवळकोंड्याच्या मुस्लिम राज्यांवरील चढाईला शरीअतची मान्यता देण्यास नकार दिला, आणि पद सोडून ते हजला निघून गेले. एवढ्या मोठ्या काजीलाही बादशहासमोर स्वतंत्र राहण्यासाठी खुर्ची सोडावी लागली. अशा दरबारातून सुरतेला निवाडा येई तो बहुधा हुकूम म्हणूनच येई.

तो हुकूम मुल्ला अब्दुल गफूर यांच्या बाजूने होता. 1698 मध्ये हसन हमदान या व्यापाऱ्याचे 14 लाखांचे जहाज लुटले गेले. तेव्हा सुरतेचे मुतसद्दी अमानत खान यांनी इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिघांकडून मुचलके लिहून घेतले. हाजींच्या आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांना त्यांनी संरक्षण द्यायचे, आणि लूट झालीच तर भरपाई द्यायची. फिक्हच्या परिभाषेत याला कफालत, म्हणजे जामीनकी म्हणता येईल. जामीन राजीखुशीने राहिला असेल तर ती पूर्णपणे वैध आहे. पण येथे राजीखुशी किती होती? शिवाय ज्याने गुन्हा केला त्याचे ओझे त्यानेच वाहावे, दुसऱ्याच्या मानेवर घालू नये, हा कुरआनचा स्पष्ट नियम आहे. मुल्लांचे दुःख खरे होते आणि त्यांची हानी खरी होती. तरी या मुचलक्यांच्या वसुलीत कंपन्यांच्या गुजराती दलालांना कैद आणि छळ सोसावा लागला, हेही खरे आहे. त्या दलालांनी कोणतेही जहाज लुटले नव्हते. सुरतेतल्या इतर व्यापाऱ्यांचे मुल्लांशी फारसे जुळत नसे, याची कारणे अशा प्रसंगांत असावीत.

मुचलक्यांनी लूट थांबली नाही. 1703 मध्ये मोख्याहून परतणारी दोन जहाजे, एक मुल्ला अब्दुल गफूर यांचे आणि दुसरे कासिमभाई यांचे, लुटारूंच्या हाती पडली. सुरतेने भरपाई मागितली. डचांनी उलट बंदराचीच नाकेबंदी केली आणि सुरतेची जहाजे पकडून सौदा सुरू केला. म्हणजे गाडे पुन्हा तेथेच आले, फक्त पकडणाऱ्याचे नाव बदलले.

या दरम्यान लंडनमध्ये आणखी एक खटला झाला होता. विल्यम किड या कप्तानाने जानेवारी 1698 मध्ये मलबारजवळ केदाह मर्चंट हे बंगालहून सुरतेला येणारे जहाज पकडले होते. त्यावर मुघल सरदार मुखलिस खान याचाही माल होता. किडचे म्हणणे असे की जहाजावर फ्रेंच परवाना होता, इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध होते, म्हणून ही लूट नसून युद्धातली कायदेशीर जप्ती आहे. असा दावा खरा की खोटा हे ठरवणे हेच सागरी न्यायालयाचे मुख्य काम. परंतु ते परवाने खटल्याच्या वेळी न्यायालयासमोर आलेच नाहीत. किडचे पाठीराखे मंत्री अडचणीत होते, संसदेत वादळ होते, कंपनीला सुरतेला दाखवण्यासाठी एक फाशी हवी होती. 23 मे 1701 रोजी त्याला फासावर चढवले. ते परवाने विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. किड निर्दोष होता असे माझे म्हणणे नाही. त्याने एका खलाशाला बादली मारून ठार केले होते आणि त्याबद्दलही तो दोषी ठरला होता. पण निकाल आपल्या लोकांच्या मनासारखा लागला म्हणून तो कसा लागला हे पाहू नये, असे शरीअत शिकवत नाही. आणि भरपाईचे काय? किडची जप्त झालेली मालमत्ता, सुमारे साडेसहा हजार पौंड, ग्रिनिच येथील खलाशांच्या रुग्णालयाला देण्यात आली.

मुल्ला अब्दुल गफूर 1718 मध्ये वारले. तोवर औरंगजेबाला जाऊन अकरा वर्षे झाली होती, दिल्लीच्या तख्तावर फर्रुखसियर होता आणि सारी सत्ता सय्यद बंधूंच्या हाती होती. मुल्लांनी मागे ठेवलेली दौलत 85 लाख रुपयांची होती. सुरतेचे मुतसद्दी हैदर कुली खान यांनी ती जप्त केली.

मय्यतीच्या संपत्तीविषयी आपल्या घराघरांत वाद होतात, म्हणून येथे नियम सांगितला पाहिजे. प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्जफेड, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसियत, आणि उरलेले सर्व वारसांमध्ये कुरआनने ठरवलेल्या हिश्श्यांप्रमाणे. बैतुलमालचा हक्क वारस नसतील तेव्हाच येतो. औरंगजेबानेही सरकारी देणे नसलेल्या माणसाची संपत्ती वारसांना द्यावी असा हुकूम काढला होता, आणि मुल्लांना वारस होते. म्हणजे जे अन्यायाचे जहाज तीस वर्षे समुद्रावर दिसत होते, ते आता त्यांच्या स्वतःच्या घराच्या दाराशी येऊन लागले, आणि या वेळी त्यावर बादशाही निशाण होते.

वारस दिल्लीला गेले. वजीर सय्यद अब्दुल्ला खान यांच्यासमोर दाद मागितली गेली आणि मालमत्ता परत करण्याचा हुकूम झाला. घराण्याला उम्दत-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा आधारस्तंभ, हा किताबही मिळाला. इन्साफ झाला, हे नमूद केले पाहिजे. तो सुरतेच्या काजीच्या दारी व्हायला हवा होता, आणि त्यासाठी दिल्लीच्या वजिराची मर्जी लागली.

त्याच वर्षी, मार्च 1718 मध्ये, मुंबईत नवे न्यायालय सुरू झाले. त्यात इंग्रजांसोबत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि पोर्तुगीज ख्रिस्ती यांचा प्रत्येकी एक न्यायाधीश बसत असे. दोनच वर्षांनी त्या न्यायालयाने रामा कामती या शेणवी व्यापाऱ्याला कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून जन्मठेप दिली. पुराव्यातली पत्रे बनावट होती, हे पुढे उघड झाले. खटल्याच्या वेळी न्यायालयात गव्हर्नर स्वतः हजर होता.

मुल्लांचा नातू मुल्ला मुहम्मद अली याने आजोबांचा व्यापार चालवला आणि सुरतेच्या राजकारणातही हात घातला. ज्या तेग बेग खानाला सत्तेवर यायला त्याने पैसा पुरवला, त्याच्याच कैदेत 1733 मध्ये त्याचा मृत्यू झाला. 1759 मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. मुघल आरमार सांभाळण्याबद्दल जंजिऱ्याच्या सीदीला मिळणारा तनखाही तेव्हापासून कंपनीकडे गेला, आणि सुरतेहून निघणाऱ्या जहाजाला परवाना, संरक्षण आणि तक्रार या तिन्हींसाठी एकाच कचेरीत जावे लागू लागले.